डेस्कटॉप ॲपमधून बाहेरचा प्रोग्रॅम चालवताना खिडकी अडकू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोल्हापूर आणि परिसरात डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आहे. शाहू मार्केट यार्डातील अडत दुकानांचे हिशेब, दूध संस्थांचे संकलन, शिवाजी उद्यमनगरातील मशीनशॉपची जॉब कार्डे, प्रेसमधली पीडीएफची जुळणी अशी कामे अनेक ठिकाणी आजही टेबलावरच्या संगणकात बसवलेल्या सॉफ्टवेअरवरच चालतात. हे सॉफ्टवेअर सगळे काम स्वतः करत नाही. पीडीएफसाठी घोस्टस्क्रिप्ट, छापील कागदावरचा मराठी मजकूर ओळखण्यासाठी टेसरॅक्ट, बॅकअपसाठी डेटाबेससोबत येणारा डम्प प्रोग्रॅम, असे तयार प्रोग्रॅम ते आतून बोलावते. खिडकी अडकू न देणे हा यातला सोपा अर्धा भाग आहे. सुरू केलेल्या प्रोग्रॅमची तो संपेपर्यंत नीट देखभाल करणे हा अवघड अर्धा भाग आहे आणि ग्राहकाच्या बहुतेक तक्रारी तिथूनच उगवतात, म्हणून पुढील उत्तरांत त्यालाच जास्त जागा दिली आहे.

बटण दाबल्यावर खिडकी पांढुरकी होऊन ‘प्रतिसाद देत नाही’ असे का दिसते?

माउसचा क्लिक, कळफलकावरची कळ, वरची दुसरी खिडकी बाजूला झाल्यावर स्वतःला पुन्हा रंगवण्याची सूचना, असे सगळे संदेश ऑपरेटिंग सिस्टीम ॲपच्या रांगेत टाकते, आणि ॲपचा मुख्य थ्रेड, म्हणजे कोड एकामागून एक चालवणारा मुख्य धागा, त्या रांगेतून एकेक संदेश उचलून त्याचे काम करतो. या फेऱ्याला इव्हेंट लूप म्हणतात. बटणाच्या क्लिकवर लिहिलेला कोड याच फेऱ्याच्या आत चालतो, त्यामुळे तो कोड परत येईपर्यंत पुढचा संदेश उचलला जात नाही. अडत दुकानातले दिवाणजी स्वतःच वजनकाट्यापाशी जाऊन उभे राहिले तर पेढीवर आलेल्या शेतकऱ्याशी बोलायला कोणी उरत नाही, तशी ही अवस्था असते. विंडोजमध्ये एखादी खिडकी ५ सेकंद संदेश उचलेनाशी झाली की ती हँग झाली असे धरले जाते आणि तिच्या जागी फिकट प्रतिकृती दाखवली जाते.

नुकसान केवळ दिसण्यापुरते नसते. वापरणारा घाबरून टास्क मॅनेजरमधून ॲप मारतो, किंवा तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतो, आणि रांगेत साचलेले ते क्लिक नंतर अमलात आले की एकाच गुळाच्या दोन पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, छापल्या जातात.

बाहेरचा प्रोग्रॅम तर स्वतंत्र प्रोसेस असतो. मग आपले ॲप का अडकते?

प्रोग्रॅम सुरू करण्याने ॲप अडकत नाही, तो संपण्याची वाट पाहण्याने अडकते. सुरू करण्याचे काम साधारणपणे क्षणात होते आणि त्या क्षणापासून बाहेरचा प्रोग्रॅम आपल्याशेजारी समांतर चालत असतो. १९९८ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ मधील ‘शेल’ हे फंक्शनसुद्धा प्रोग्रॅम सुरू करून लगेच परत येते. पण निकाल हाती हवा म्हणून पुढे ‘वेट फॉर सिंगल ऑब्जेक्ट’ अमर्याद मुदतीने बोलावले जाते आणि खिडकी तिथे अडकते. पायथॉनमधील ‘सबप्रोसेस डॉट रन’, जावातील ‘वेट फॉर’, डॉटनेटमधील ‘वेट फॉर एक्झिट’ आणि क्यूटी या खिडक्यांची ॲप लिहिण्याच्या साधनसंचातील ‘वेट फॉर फिनिश्ड’ ही सगळी त्याच जातीची फंक्शने आहेत. ती वाईट नाहीत, कमांड लाइनच्या प्रोग्रॅममध्ये ती योग्यच असतात. मुख्य थ्रेडवर मात्र ती नकोत.

क्यूटी वापरणाऱ्यांनी एक लक्षण ध्यानात ठेवावे. काहीही मुदत न देता बोलावलेले ‘वेट फॉर फिनिश्ड’ ३०,००० मिलिसेकंदांनी आपोआप परत येते. खिडकी बरोबर अर्ध्या मिनिटाने जिवंत होते पण फाइल अपुरी असते, अशी तक्रार आली तर सर्वांत आधी हे फंक्शन शोधावे.

मग वेगळा थ्रेड काढावा का?

शक्यतो नाही, किंवा निदान पहिला उपाय म्हणून नाही. आपण वापरत असलेल्या साधनात ‘प्रोग्रॅम संपला की मला कळव’ असे सांगण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे, कारण बहुतेक साधनांत ती आहे. क्यूटीमध्ये बाहेरचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या क्यूप्रोसेसचे ‘स्टार्ट’ बोलावून ‘फिनिश्ड’, ‘एरर ऑकर्ड’ आणि ‘रेडी रीड’ या सिग्नलना आपली फंक्शने जोडली की थ्रेडची गरजच राहत नाही, कारण सगळी फंक्शने मुख्य थ्रेडवर, इव्हेंट लूपच्या ओघात बोलावली जातात. ग्लिब या लायब्ररीत २.४० आवृत्तीपासून ‘जी-सबप्रोसेस’ आहे. जावा ९ पासून प्रोसेसवर ‘ऑन एक्झिट’ मिळते. डॉटनेट ५ पासून ‘वेट फॉर एक्झिट असिंक’ आले, आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘एक्झिटेड’ ही घटना पकडता येते, फक्त ‘इनेबल रेझिंग इव्हेंट्स’ खरे करायला विसरू नये.

येथे एक सावधगिरी हवी. डॉटनेटमधील ‘एक्झिटेड’ आणि ‘आउटपुट डेटा रिसीव्ह्ड’ या घटना साधारणपणे मुख्य थ्रेडवर येत नाहीत, त्या थ्रेडपूलमधल्या कुठल्यातरी थ्रेडवर येतात, म्हणून त्यांच्या आतून थेट लेबलचा मजकूर बदलू नये. ‘इन्व्होक’ किंवा ‘डिस्पॅचर’मार्फत तो बदल मुख्य थ्रेडकडे पाठवावा. जावाच्या स्विंग या खिडक्यांच्या लायब्ररीतही अशा वेळी ‘इन्व्होक लेटर’ वापरावे.

पायथॉनच्या टीके-इंटर या खिडक्यांच्या लायब्ररीत अशी तयार जोडणी नाही, त्यामुळे तिथे थ्रेड काढणे योग्य ठरते. वाचणाऱ्या थ्रेडने मिळालेली प्रत्येक ओळ रांगेत, म्हणजे ‘क्यू’ मध्ये टाकावी, आणि मुख्य थ्रेडने ‘आफ्टर’ वापरून दर १०० मिलिसेकंदांनी ती रांग रिकामी करावी. थ्रेडने खिडकीतल्या कोणत्याही घटकाला स्वतः हात लावू नये.

‘डू इव्हेंट्स’ किंवा ‘प्रोसेस इव्हेंट्स’ मध्ये मध्ये बोलावले तर चालणार नाही का?

खिडकी हलेल, पण तो मार्ग टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. या फंक्शनमुळे आपले क्लिकचे फंक्शन अर्धवट असतानाच रांगेतले इतर संदेश चालवले जातात, आणि त्यांत तेच बटण पुन्हा दाबल्याचा संदेशही असू शकतो. मग तेच फंक्शन स्वतःच्याच पोटात दुसऱ्यांदा सुरू होते. वापरणाऱ्याने मधल्या वेळात खिडकी बंद केली असेल तर परत आल्यावर आपला कोड अस्तित्वात नसलेल्या घटकांना हात लावतो. हे दोष चाचणीत क्वचितच सापडतात आणि ऐन हंगामाच्या गर्दीत हमखास उपटतात. काम सुरू होताच बटण निष्क्रिय करणे आणि ते संपल्याच्या घटनेवर पुन्हा सक्रिय करणे, इतकी साधी शिस्त याहून कितीतरी सुरक्षित आहे.

लहान फाइलवर सगळे चालते, मोठ्या फाइलवर प्रोग्रॅम मध्येच कायमचा थांबतो. असे का?

हा या विषयातला सर्वांत फसवा दोष आहे, म्हणून तो सविस्तर पाहू.

बाहेरच्या प्रोग्रॅमचे आउटपुट आपण पकडतो तेव्हा दोघांमध्ये एक पाइप असतो आणि त्या पाइपची साठवण मर्यादित असते. लिनक्सवर ती साधारणतः ६५,५३६ बाइट असते, विंडोजवर बहुधा याहून बरीच कमी. ती भरली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टीम तिथेच थांबवते, आणि कोणीतरी दुसऱ्या टोकाने वाचेपर्यंत तो हलत नाही. आता आपला कोड जर ‘आधी प्रोग्रॅम संपू दे, मग आउटपुट वाचतो’ अशा क्रमाने लिहिला असेल, तर प्रोग्रॅम आपल्या वाचण्याची वाट पाहतो आणि आपण त्याच्या संपण्याची. दोघेही कायमचे थांबतात. लहान फाइलवर आउटपुट पाइपमध्ये मावते म्हणून हा दोष दिसतच नाही.

याचे दुसरे रूप आणखी कपटी आहे. आपण सामान्य आउटपुट इमानेइतबारे वाचत असतो, पण एररचा प्रवाह वेगळ्या पाइपवर घेतलेला असतो आणि तो कोणीच वाचत नाही. व्हिडिओ-ऑडिओचे रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेगसारखे प्रोग्रॅम आपली सगळी माहिती एररच्या प्रवाहावरच लिहितात, त्यामुळे तो पाइप काही वेळाने भरतो आणि निम्म्यावर आलेले काम थिजते.

उपाय तीन आहेत आणि परिस्थितीप्रमाणे निवडावेत. दोन्ही प्रवाह येतील तसे वाचत राहावे, हा पहिला. दोन्ही एकाच पाइपवर एकत्र करावेत, हा दुसरा. क्यूटीमध्ये त्यासाठी ‘मर्ज्ड चॅनल्स’ आणि जावात ‘रीडायरेक्ट एरर स्ट्रीम’ आहे. ज्या प्रवाहाची खरोखर गरज नाही तो सरळ लॉग फाइलकडे वळवावा, हा तिसरा, आणि ग्राहकाकडे बसवण्याच्या सॉफ्टवेअरसाठी तो आम्हाला सर्वांत आवडतो, कारण काही बिघडले तर ती फाइल मागवून घेता येते. पायथॉनमधील ‘कम्युनिकेट’ हे फंक्शन दोन्ही प्रवाह नीट वाचते, पण प्रोग्रॅम संपेपर्यंत परत येत नाही आणि सगळे आउटपुट मेमरीत साठवते, एवढे लक्षात ठेवून ते थ्रेडमध्येच वापरावे.

टर्मिनलमध्ये ओळी एकेक करून दिसतात, आपल्या खिडकीत मात्र शेवटी सगळ्या एकदम येतात. प्रगती कशी दाखवावी?

बहुतेक प्रोग्रॅम आपले आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर ओळ संपताच सोडतात, आणि पाइपमध्ये जात असेल तर काही हजार बाइट साठल्यावरच सोडतात. हा साठा त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या पोटात असतो, त्यामुळे आपण आपल्या बाजूने कितीही तत्परतेने वाचले तरी फरक पडत नाही. तो प्रोग्रॅम आपणच लिहिलेला असेल तर प्रत्येक ओळीनंतर ‘फ्लश’ करावे. पायथॉनची स्क्रिप्ट असेल तर ‘यू’ या पर्यायासह चालवावी. लिनक्सवर ‘एसटीडी-बफ’ ही कमांड अनेकदा उपयोगी पडते. एफएफएमपेगला ‘प्रोग्रेस’ हा स्वतंत्र पर्याय आहे, ज्यामुळे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या सुटसुटीत ओळी मिळतात; माणसासाठी लिहिलेल्या ओळींतून आकडे उकरण्यापेक्षा तो वापरावा.

जिथे खरी टक्केवारी कळतच नाही तिथे खोटी दाखवू नये. मागे-पुढे सरकणारी पट्टी आणि ‘किती वेळ झाला’ हा आकडा पुरेसा असतो.

आउटपुटमधली मराठी अक्षरे मध्येच तुटून चौकोन किंवा प्रश्नचिन्हे का येतात?

यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘कोल्हापूर’ हा शब्द पाहू. क, ओकाराची खूण, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ ऊकार आणि र अशी त्यात ९ चिन्हे आहेत, म्हणजे एकूण २७ बाइट. पाइपमधून येणारे तुकडे अक्षरांच्या सीमा पाहून येत नाहीत. तुकडा ४,०९६ बाइटचा असेल आणि त्यात सगळी देवनागरीच असेल, तर १,३६५ चिन्हे पूर्ण येतात आणि पुढच्या चिन्हाचा एक बाइट या तुकड्याच्या शेवटी लोंबकळतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे अक्षरांत बदलला तर तो एक बाइट आणि पुढच्या तुकड्यातले दोन, असे तिन्ही वाया जातात. इंग्रजी मजकुरात एक अक्षर एका बाइटचे असल्यामुळे हा दोष तिथे कधीच दिसत नाही. आपल्याकडचे सॉफ्टवेअर देवनागरीतल्या खऱ्या नावांनिशीच तपासावे ते यासाठी.

उपाय सोपा आहे: अपुरे बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवणारा डीकोडर वापरावा. क्यूटी ६ मध्ये ‘क्यू-स्ट्रिंग-डीकोडर’ आणि पायथॉनच्या ‘कोडेक्स’ मध्ये ‘इन्क्रिमेंटल डीकोडर’ हे नेमके हेच करतात. पूर्ण ओळ आल्यावरच ती अक्षरांत बदलणे हाही चांगला मार्ग आहे.

सगळाच मजकूर प्रश्नचिन्हांचा असेल तर कारण वेगळे असते. विंडोजवर तो प्रोग्रॅम यूटीएफ-८ ऐवजी जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या जुन्या तक्त्यात, लिहीत असावा, आणि त्या कोडपेजमध्ये देवनागरीला जागाच नसते. पायथॉन ३.७ पासून यूटीएफ-८ मोड आहे आणि तो एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने सुरू करता येतो. इतर प्रोग्रॅमना मजकूर पाइपवर लिहायला न लावता यूटीएफ-८ फाइलमध्ये लिहायला सांगावे.

फोल्डरच्या नावात जागा किंवा ‘&’ असले की कमांड बिघडते. नीट कशी द्यावी?

कमांडची एक लांबलचक ओळ जोडून ती शेलच्या, म्हणजे कमांडच्या ओळी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती देणे, हे या बिघाडाचे मूळ आहे. ‘गूळ & शेंगा’ नावाचे फोल्डर अडत दुकानात सहज असू शकते. विंडोजच्या शेलला त्यातले ‘&’ दिसले की तो ओळीचे दोन तुकडे करतो आणि उरलेला भाग दुसरी कमांड म्हणून चालवू पाहतो. आज ते केवळ शेंगा आहे म्हणून एरर येते, पण त्या जागी एखादी खरी कमांड असेल तर ती चालेल. ग्राहकाचे नाव, गावाचे नाव, फाइलचे नाव अशी कोणतीही भरलेली माहिती शेलच्या ओळीत कधीही चिकटवू नये.

प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग एक आणि त्याचे पर्याय वेगवेगळे, यादीच्या रूपात द्यावेत. पायथॉन, क्यूटी, जावाचे ‘प्रोसेस बिल्डर’ आणि नव्या डॉटनेटमधील ‘आर्ग्युमेंट लिस्ट’ या सगळ्यांत ही सोय आहे. फाइलचे नाव वजाच्या चिन्हाने सुरू होत असेल तर तो पर्याय समजला जाऊ नये म्हणून पूर्ण मार्गच द्यावा. विंडोजवर बॅच फाइल, म्हणजे कमांडच्या ओळींची फाइल, मात्र यादी देऊनही शेलमधूनच चालते. २०२४ मध्ये अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत याच कारणाने सुरक्षेचा दोष उघड झाला होता. म्हणून बॅच फाइलला बाहेरून आलेली माहिती देऊच नये.

लांबीलाही मर्यादा आहे. विंडोजमध्ये नवी प्रोसेस सुरू करताना पूर्ण ओळ ३२,७६७ अक्षरांपर्यंत चालते, आणि शेलमधून गेल्यास ८,१९१ पर्यंतच. शेकडो फाइली द्यायच्या असतील तर त्यांची नावे एका फाइलमध्ये लिहून ती फाइल द्यावी, जर तो प्रोग्रॅम तशी स्वीकारत असेल तर.

प्रत्येक वेळी काळी खिडकी चमकून जाते. ती कशी घालवावी?

ती त्या कन्सोल प्रोग्रॅमची खिडकी असते. डॉटनेटमध्ये ‘क्रिएट नो विंडो’ खरे करून ‘यूज शेल एक्झिक्यूट’ खोटे करावे. पायथॉनमध्ये ‘क्रिएशन फ्लॅग्ज’ मध्ये ‘क्रिएट नो विंडो’ द्यावे. क्यूटी हे बहुतेक वेळा स्वतःच सांभाळते.

‘रद्द करा’ बटण कसे लिहावे?

‘रद्द करा’ म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवावे लागते. पहिल्यांदा प्रोग्रॅमला विनंती करावी, थोडी मुदत द्यावी आणि तरीही तो थांबला नाही तरच त्याला मारावे. युनिक्स जातीच्या सिस्टीमवर विनंती म्हणजे ‘सिग-टर्म’ आणि मारणे म्हणजे ‘सिग-किल’. विंडोजवर क्यूप्रोसेसचे ‘टर्मिनेट’ प्रोग्रॅमच्या खिडक्यांना बंद होण्याचा संदेश पाठवते, पण कन्सोल प्रोग्रॅमला खिडकीच नसते, त्यामुळे त्याला ते ऐकू जात नाही आणि शेवटी ‘किल’ वापरावे लागते. म्हणून प्रोग्रॅमला स्वतःची थांबण्याची खूण असेल तर तीच वापरावी. एफएफएमपेग इनपुटवर ‘क्यू’ अक्षर मिळताच फाइल नीट बंद करून थांबतो. ती मुदत मोजतानाही मुख्य थ्रेडवर वाट पाहू नये. टायमर लावावा.

दुसरा प्रश्न नातवंडांचा. आपण एखादी स्क्रिप्ट सुरू केली आणि तिने पुढे घोस्टस्क्रिप्ट सुरू केला, तर स्क्रिप्ट मारल्याने घोस्टस्क्रिप्ट मरत नाही. तो मागे राहतो, प्रोसेसरचा वेळ खातो आणि फाइल धरून ठेवतो, आणि मग पुढच्या वेळी ‘फाइल वापरात आहे’ अशी एरर येते. विंडोजवर यासाठी जॉब ऑब्जेक्ट आहे. सुरू केलेली प्रोसेस त्यात घातली आणि जॉब बंद होताच सगळे मारण्याची मर्यादा लावली, की आपले ॲप अचानक कोसळले तरी मागे कोणी उरत नाही. लिनक्सवर प्रोग्रॅम स्वतंत्र प्रोसेस गटात सुरू करावा आणि सिग्नल त्या पूर्ण गटाला द्यावा.

तिसरा प्रश्न अर्धवट फाइलचा. मध्येच मारलेला प्रोग्रॅम, किंवा मध्येच गेलेली लाईट, अर्धी पीडीएफ मागे ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच पूर्ण समजून छापली जाते. प्रोग्रॅमला नेहमी तात्पुरत्या नावाने फाइल लिहायला सांगावी आणि तो यशस्वी झाल्यावरच त्याच ड्राइव्हवर तिचे खरे नाव द्यावे. रद्द झाले तर तात्पुरती फाइल पुसावी.

काम यशस्वी झाले हे कशावरून ओळखावे?

एररच्या प्रवाहावर काही आले म्हणजे काम बिघडले असे नाही, आणि काही आले नाही म्हणजे ते झाले असेही नाही. संपतानाचा कोड पाहावा. रूढीने ० म्हणजे यश. त्यापुढे जाऊन अपेक्षित फाइल तयार झाली आहे का आणि ती रिकामी तर नाही, हेही तपासावे, कारण काही प्रोग्रॅम काहीच न करता ० देऊन मोकळे होतात.

‘सुरूच झाला नाही’, ‘सुरू होऊन एरर देऊन संपला’ आणि ‘मध्येच मारला गेला’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वापरणाऱ्याला त्या वेगळ्याच सांगाव्यात. क्यूटीमध्ये प्रोग्रॅम सुरूच झाला नाही तर ‘फिनिश्ड’ हा सिग्नल येत नाही, फक्त ‘एरर ऑकर्ड’ येतो. तो जोडला नसेल तर निष्क्रिय केलेले बटण कायमचे निष्क्रिय राहते आणि वापरणाऱ्याला ॲप बंद करून पुन्हा उघडावे लागते. लिनक्स आणि मॅकवर पायथॉनमधला उणे आकडा म्हणजे सिग्नलने मरण. उणे ९ दिसले तर प्रोग्रॅमला कोणीतरी सक्तीने मारले आहे.

प्रोग्रॅम काहीच करत नाही, एररही देत नाही, नुसता चालूच राहतो. काय पाहावे?

बहुधा तो प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत असतो, आणि तो प्रश्न आपल्याला दिसत नाही. घोस्टस्क्रिप्ट ‘नो-पॉज’ आणि ‘बॅच’ या पर्यायांशिवाय चालवला तर पानांमध्ये आणि शेवटी थांबतो. एफएफएमपेग आधीपासून असलेल्या फाइलवर लिहू का असे विचारतो; त्याला होकार किंवा नकार आधीच द्यावा. कोणत्याही प्रोग्रॅमला इनपुट द्यायचे नसेल तर त्याचा इनपुट प्रवाह सुरुवातीलाच बंद करावा.

माझ्या यंत्रावर चालते, ग्राहकाकडे चालत नाही.

प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग द्या, चालू फोल्डर स्वतः ठरवून द्या, आणि सुरू होताना तो मार्ग अस्तित्वात आहे का हे तपासून नसल्यास स्पष्ट शब्दांत सांगा. डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून सुरू झालेल्या ॲपला टर्मिनलमधला ‘पाथ’, म्हणजे प्रोग्रॅम जिथे शोधायचे त्या फोल्डरांची यादी, मिळेलच असे नाही. टेसरॅक्टच्या बाबतीत मराठीची भाषाफाइल त्या यंत्रावर आहे का, हेही पाहावे. तिचे सांकेतिक नाव ‘एमएआर’ आहे.

एकाच वेळी कितीही प्रोग्रॅम सुरू करावेत का?

नाही. दोनशे पट्ट्यांसाठी दोनशे प्रोसेस एकदम सुरू केल्या तर खिडकी अडकणार नाही, पण संगणक अडकेल. कामांची रांग ठेवावी आणि प्रोसेसरच्या कोरइतक्या किंवा त्याहून कमी प्रोसेस एका वेळी चालू द्याव्यात. एक संपल्याची घटना आली की रांगेतले पुढचे काम सुरू करावे. टेसरॅक्ट स्वतःच अनेक थ्रेड वापरू शकतो, त्यामुळे त्याच्या अनेक प्रती चालवताना प्रत्येकीला एका थ्रेडवर मर्यादित केले तर एकूण काम अनेकदा लवकर होते.

लिब्रेऑफिसची गोष्ट निराळी आहे. वापरणाऱ्याने ते आधीच उघडले असेल तर आपण पडद्याआड सुरू केलेले रूपांतर त्याच चालू प्रतीकडे जाते किंवा काहीच न करता संपते, कारण दोघांचे प्रोफाइल एकच असते. आपल्या कामासाठी वेगळे प्रोफाइल फोल्डर द्यावे. समांतर दोन रूपांतरे चालवायची असतील तर दोन प्रोफाइल हवीत.

बॅकअपच्या कमांडमध्ये पासवर्ड दिला तर?

देऊ नये. कमांडची ओळ त्याच संगणकावरच्या इतर प्रोग्रॅमना दिसू शकते. मायएसक्यूएलसाठी मर्यादित परवानगी असलेली वेगळी सेटिंग फाइल आणि पोस्टग्रेसाठी पासवर्ड फाइल वापरावी.

काम चालू असताना वापरणाऱ्याने ॲप बंद केले तर काय करावे?

विचारावे: थांबायचे की रद्द करायचे. थांबायचे असल्यास खिडकी लपवून काम पूर्ण होऊ द्यावे आणि संपल्याच्या घटनेवर बाहेर पडावे. क्यूप्रोसेसची वस्तू नष्ट झाली तर ती चालू प्रोग्रॅमला मारते, म्हणून ती फंक्शनच्या आत स्थानिक चल म्हणून तयार करू नये. फंक्शन संपताच काम मरते आणि कारण कळत नाही. ॲप बंद झाल्यावरही प्रोग्रॅम चालू राहणे खरोखर अपेक्षित असेल, उदाहरणार्थ पीडीएफ वाचकात पट्टी उघडून देताना, तर ‘स्टार्ट डिटॅच्ड’ वापरावे. मग त्याचा निकाल आपल्याला मिळणार नाही, हे स्वीकारावे.

हे सगळे तपासावे कसे?

खऱ्या घोस्टस्क्रिप्टवर यातले बरेच काही घडवून आणता येत नाही, म्हणून एक छोटा मुद्दाम वात्रट प्रोग्रॅम लिहावा आणि चाचणीत खऱ्याच्या जागी तोच लावावा. पर्यायाप्रमाणे त्याने एररच्या प्रवाहावर १० लाख बाइट लिहावेत, इनपुटची वाट पाहत बसावे, ‘सिग-टर्म’ कानाआड करावा, स्वतःचे एक मूल सुरू करून आपण संपून जावे, देवनागरी अक्षराचा एकच बाइट लिहून एक सेकंद थांबावे, अर्धी फाइल लिहून ३ हा कोड द्यावा. प्रत्येक वेळी खिडकी माउसने ओढून पाहावी, ‘रद्द करा’ दाबावे आणि नंतर टास्क मॅनेजरमध्ये काही मागे उरले आहे का ते पाहावे. या चाचण्या चालवण्याचे फोल्डर नेहमी ‘गूळ & शेंगा’ अशाच नावाचे, मधल्या जागेसकट, ठेवावे.